सोबतीने सुटलेली गणितं

पर्ड्यू विद्यापीठातल्या अँथनी हॅरिस या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने पन्नास वर्षांपूर्वी एक पत्र लिहिलं आणि अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त अभियांत्रिकी शिक्षण देणाऱ्या सगळ्या, म्हणजे 288 ठिकाणी ते धाडलं. ई-मेल नव्हता, झेरॉक्सलाही पैसे पडायचे, आणि लिहिणारा होता पदवीचा विद्यार्थी. त्या पत्रातून पुढे 1975च्या एप्रिलमध्ये 32 कॉलेजांतले 48 विद्यार्थी पर्ड्यूला जमले आणि ‘नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स’ उभी राहिली. सगळे तिला ‘नेसबी’च म्हणतात. साठच्या दशकाच्या शेवटी पर्ड्यूत इंजिनिअरिंगला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी 80 टक्के मुलं शिक्षण अर्धवट सोडून जात होती. ही गळती थांबवायची, एवढंच त्या मुलांना हवं होतं.

मी 1979च्या ऑगस्टात मिडवेस्टातल्या दुसऱ्या एका विद्यापीठात एम.एस.ला गेलो. खर्च भागवायला पहिल्या वर्षाच्या मुलांना स्टॅटिक्स शिकवायची असिस्टंटशिप होती. तिथल्या नेसबीच्या मुलांना तळघरातली एक खोली मिळाली होती, आणि रविवारी संध्याकाळी ती मला शंका विचारायला बोलवायची. खोलीत लोखंडी कपाट होतं, चार खणांचं. एकात स्टॅटिक्स, एकात थर्मो, एकात कॅल्क्युलस आणि खालच्यात बाकी सगळं. जुन्या परीक्षांचे पेपर, हिरव्या इंजिनिअरिंग कागदांवर पेन्सिलीने सोडवलेली गणितं, कडेला आधीच्या बॅचच्या कुणीतरी लिहिलेलं, ‘इथे चिन्ह चुकतं, सांभाळ.’ त्या ओळीचं मोल मला लगेच कळलं, कारण आम्हा भारतीय मुलांकडे हे सगळं आयतं होतं. विमानतळावर घ्यायला सीनियर यायचा. अपार्टमेंट, कुकर, गाद्या, कुठला प्रोफेसर कसा पेपर काढतो याची माहिती, सगळं एका बॅचकडून दुसरीकडे जायचं. शंभर जणांच्या वर्गात एकटाच बसलेल्या कृष्णवर्णीय मुलाला यातलं काहीच मिळत नव्हतं. म्हणून त्याने आणि त्याच्यासारख्या चार जणांनी ते कपाट स्वतः भरलं.

याच सुमारास बर्कलीत युरी ट्राइसमन नावाचा तरुण गणितज्ञ याच प्रश्नाच्या मागे लागला होता. कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये मागे का पडतात, याची उत्तरं सहकाऱ्यांकडे तयार होती: तयारी कच्ची, घरचं वातावरण, जिद्द नाही. ट्राइसमनने मुलांच्या मागे मागे जाऊन, ती अभ्यास कशी करतात ते पाहिलं. चिनी वंशाची मुलं आधी एकेकटी गणितं सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत. कृष्णवर्णीय मुलं मेहनती होती, पण एकटीच बसायची. अडलं की आपल्यातच खोट आहे असं समजायची. त्याने अवघड गणितांची वर्कशॉप सुरू केली, मुलांना गटाने बसवलं, आणि मुलं चांगल्या गुणांनी पास होऊ लागली. मला या सगळ्या चळवळीचं मर्म इथे दिसतं. शिष्यवृत्ती लागतेच, पण सोबत नसेल तर शिष्यवृत्ती घेतलेला मुलगाही दुसऱ्या वर्षात गळतो.

तेव्हा एक उणीव मात्र नजरेत यायची. लॅटिनो इंजिनिअरांची ‘श्पे’ लॉस एंजेलिसमध्ये 1974ला सुरू झालेली, मूळ अमेरिकन शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची ‘एसेस’ 1977ची, लॅटिनो आणि मूळ अमेरिकन शास्त्रज्ञांची ‘सॅकनास’ 1973ची, आणि स्त्री-इंजिनिअरांची ‘स्वी’ तर पार 1950पासूनची. आमच्या विद्यापीठात ज्यांच्या शाखा होत्या त्या एकाच इमारतीत, आपापल्या खोलीत. एकाच कंपनीकडे देणगीसाठी वेगवेगळ्या आठवड्यांत जायच्या. एकीकडचं कपाट दुसरीला ठाऊक नसायचं. याला एक चांगला अपवाद होता 1976चा ‘जेम’: कंपनी आणि विद्यापीठ दोघांनी मिळून मास्टर्सचा खर्च उचलायचा आणि मुलाने उन्हाळ्यात त्या कंपनीत काम करायचं. कंपनीला माणूस मिळे, मुलाला पदवी आणि अनुभव मिळे. एकत्र आलं की काय होतं, ते जेमने फार लवकर दाखवलं होतं.

पुढे नोकरीच्या काळात कंपनीतर्फे मुलाखती घ्यायला मी नेसबीच्या अधिवेशनांना जात राहिलो. तळघरातल्या खोलीच्या जागी आता अवाढव्य हॉल, शेकडो स्टॉल, सकाळी बायोडाटा दिला की दुपारी मुलाखत, कधी संध्याकाळपर्यंत ऑफर. आज सभासद वीस हजारांच्या वर आहेत. कपाटही मोबाइलमध्ये गेलं. ते सोयीचं आहे, पण कडेच्या पेन्सिलीच्या ओळी मला आजही हव्याशा वाटतात.

यापेक्षा मोठा बदल म्हणजे खोल्यांमधल्या भिंती पडल्या. दहाएक वर्षांपूर्वी नेसबी, श्पे, एसेस आणि स्वी या चौघींनी मिळून ‘फिफ्टी-के कोअलिशन’ केली. 2025पर्यंत वर्षाला 50,000 स्त्रिया आणि वंचित समाजांतली मुलं इंजिनिअर होऊन बाहेर पडावीत, असं लक्ष्य चौघींचं मिळून ठरलं. विज्ञानातही हेच घडलं. अमेरिकन फिजिकल सोसायटीने ‘ब्रिज प्रोग्रॅम’ काढला. पीएच.डी.ला प्रवेश हुकलेल्या मुलाने एकच अर्ज करायचा, त्याला फी नाही, आणि तो अर्ज अनेक विद्यापीठांनी पाहायचा. मग रसायन, खगोल, भूभौतिकी आणि मटेरियल्सच्या सोसायट्या याच वाटेने तिच्याबरोबर आल्या. ज्यांच्या परिषदांना पूर्वी कृष्णवर्णीय चेहरा शोधावा लागे, त्या मोठ्या सोसायट्यांनी हे काम आपलं मानलं, याचं मला फार अप्रूप आहे.

आणि नेमक्या याच वेळी वारं फिरलं. जून 2023मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशात वंशाचा विचार करण्याची वाट बंद केली. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांतली विविधता कार्यालयं जानेवारी 2024पासून कायद्याने बंद झाली. फेब्रुवारी 2025मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीने बरखास्त केलेल्या विद्यार्थी क्लबांच्या यादीत नेसबी, श्पे आणि स्वी तिन्ही होत्या. या संघटनांचं सदस्यत्व वंश पाहून दिलं जात नाही, कुणालाही मिळतं, तरीही हे झालं. हे चूक आहे, असं मी स्पष्टच म्हणतो. ज्या गोष्टीने गळती थांबली तीच काढून घेतली, तर गळती पुन्हा सुरू होणारच.

आपण मराठी माणसं अमेरिकेत हजारोंनी येऊ शकलो ते 1965च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, आणि तो कायदा आला तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने देशाची हवा बदलल्यावर. ते ऋण आहे. अमेरिकेत इंजिनिअर असलेल्या प्रत्येक मराठी वाचकाला माझं सांगणं एवढंच: तुमच्या जवळच्या विद्यापीठात यांपैकी एखाद्या संघटनेची शाखा बहुधा असेल. तिथलं विविधता कार्यालय बंद झालं असेल तर मुलं कुठेतरी स्वतः जमत असतील. त्यांना फोन करा, आठवड्यातली एक संध्याकाळ द्या, आणि स्टॅटिक्स शिकवायला बसा.