झटकलेली धूळ

काकू, धुणं भिजवण्याआधी तुम्ही काकांचा खाकी शर्ट गॅलरीच्या कठड्याबाहेर धरून दोनदा झटकायचात. फट्, फट्. तो आवाज अजून कानात आहे. सकाळच्या उन्हात पांढरं काहीतरी तरंगायचं, सावरीच्या कापसासारखं. आम्ही पोरं ते पकडायला हात वर करायचो.

काका सिमेंटचे पत्रे करणाऱ्या कंपनीत होते, मुंबईतच. गोणी फोडून तंतू ओतायचं काम. पाळी सुटून आले की भुवयासुद्धा पांढऱ्या. "काका म्हातारे झाले!" आम्ही ओरडायचो, आणि तुम्ही हसत पदरानं त्यांचं कपाळ पुसायचात.

ॲस्बेस्टॉसचा तंतू आडवा तुटत नाही म्हणे, उभा चिरत जातो. बारीक, मग त्याहून बारीक, डोळ्याला दिसेनासा. श्वासाबरोबर खोल गेला की तिथेच रुततो. तुमची मुलं शिकली, लग्नं झाली, नातवंडं पायऱ्यांवर खेळू लागली. तो होताच.

तुमच्या छातीत पाणी झालं तेव्हा आधी टीबीची औषधं दिली. आपल्याकडे छातीत पाणी म्हणजे टीबीच. पाणी काढलं, परत भरलं. मग तो शब्द आला, मेसोथेलिओमा. फुप्फुसावरच्या आवरणाचा कॅन्सर. काकांना तो शेवटपर्यंत उच्चारता आला नाही. "काय काम करता?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "काही नाही, घरीच असते."

१९६५ साली, तुम्ही या चाळीत नवी नवरी म्हणून आलात त्याच वर्षी, लंडनमध्ये म्युरिएल न्यूहाउस आणि त्यांच्या सहकारी थॉम्पसन यांनी या आजाराच्या ७६ रुग्णांची माहिती छापली होती. त्यातल्या ९ जणांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध एवढाच, की घरातलं कुणीतरी त्या कामावर होतं. बहुतेक करून बायका. नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या. म्हणजे कळलेलं होतं, काकू. आपल्या गॅलरीपर्यंत तेवढं कुणी आणलं नाही.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या तब्येतीची नोंद निदान चाळीस वर्षं ठेवा. चांगलंच झालं. पण तुमचं नाव कुठल्या मस्टरवर होतं? पगार नाही, रजा नाही, ईएसआयचं कार्ड काकांचं. इकडच्या खाणी बंद झाल्या, माल मात्र रशियाहून येतच राहिला. तिथे एका शहराचं नावच आस्बेस्ट आहे. आपल्या देशात अजून बंदी नाही.

गेल्या महिन्यात चाळ पाडली. मी मुद्दाम गेलो होतो. मजूर हातोड्यानं पत्रे फोडत होते, तोंडाला फडकंही नव्हतं. तुमचा धुण्याचा दगड राडारोड्यात अर्धा गाडला गेलेला. एक बाई तुकडे घमेल्यात भरत होती. पलीकडे साडीच्या झोळीत तिचं मूल रडायला लागलं. तिनं घमेलं खाली ठेवलं, पदर दोनदा झटकला आणि त्याला छातीशी घेतलं.