एक शब्द, दोन नातीं

सन १९७४ मध्यें आमचे थोरले बंधु निवर्तले. त्या वेळीं मधल्या बंधूंचा मुलगा विलायतेंत शिकत होता. त्यास कळविण्याचें काम आमच्याकडे आलें. तारेस शब्दागणिक पैसे पडत. म्हणून नांव गाळून आम्ही इंग्रजींत एवढेंच लिहिलें : 'अंकल एक्स्पायर्ड.'

त्याच सुमारास त्याचे मामाही अंथरुणास खिळलेले होते. लहानपणच्या साऱ्या सुट्या ज्यांच्या घरीं गेल्या, ते मामाच गेले असें समजून तो रात्रभर रडला. आठवड्यानें आमचें सविस्तर पत्र पोंचलें. मामा हयात आहेत हें वाचून त्यास हायसें वाटलें. आणि ज्या काकांनीं शेत गहाण टाकून आपणांस विलायतेस धाडलें, त्यांच्या मृत्यूच्या पत्रानें आपणांस हायसें वाटावें, ह्या विचारानें दुसऱ्याच क्षणीं तो खजील झाला. हें त्यानें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं, मान खालीं घालून सांगितलें.

इंग्रजी भाषा आरंभापासून अशी कृपण नव्हती. जुन्या इंग्रजींत चुलत्यास 'फॅडेरा' व मामास 'एआम' असे निरनिराळे शब्द होते. सन १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. पुढें फ्रेंच शब्द रूढ होत गेले आणि हे दोन्ही मागें पडले. त्यांच्या जागीं आलेला 'अंकल' हा लॅटिन 'आवुंकुलुस'चा वंशज. लॅटिनमध्यें चुलत्यास 'पात्रुउस' म्हणत; 'आवुंकुलुस' म्हणजे केवळ मामा! 'आंट'चें मूळ 'आमिता', म्हणजे आत्या. आज त्याच एका शब्दांत मावशी, काकू आणि मामी ह्यांनाही दाटीनें राहावें लागतें. व्युत्पत्तीच्या न्यायानें पाहिलें, तर आमच्या पुतण्यानें तारेचा अर्थ बरोबरच लाविला होता. चूक झाली ती आमची.

आतां आमच्या घरांतलीं नातवंडें काकांस, मामांस आणि शेजारच्या गृहस्थांसही 'अंकल' म्हणूं लागलीं आहेत. त्यांच्यावर रागवावयास आमची जीभ रेटत नाहीं. कारण घरांत तो शब्द प्रथम आम्हीच वापरला, आणि तोही काटकसर म्हणून. रोमन अक्षरांत 'काका' असें लिहिलें असतें, तरी पैसे एकाच शब्दाचे पडले असते.