दादांचा दुखरा पाय

आमचे थोरले बंधु पन्नाशी ओलांडून गेले आहेत. त्यांना जन्मतःच बौद्धिक दिव्यांगत्व आहे. लिहिणें-वाचणें साधलें नाहीं, आणि स्नानास व कपडे घालण्यास दुसऱ्याचें साह्य लागतें. मात्र देवळाकडे जातांना ते आमच्या पुढें भराभर चालतात, व प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटीं सर्वांहून मोठ्यानें ‘आमेन’ म्हणतात. दांत दुखो कीं पोट, त्यांची तक्रार एकच: ‘पाय दुखतो.’

एप्रिल २०२१ मध्यें कोविडची दुसरी लाट भरांत असतां त्यांनीं दोन दिवस चहास हात लावला नाहीं. ‘पाय दुखतो’ म्हणत राहिले. आम्हीं पायास तेल चोळलें! वर्गांत मुलांच्या चेहऱ्यावरून मनांतलें ओळखतों असा ज्यांना अभिमान, त्या आम्हांला घरांतलें दुखणें ओळखतां आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं शेजारच्या परिचारिकाबाईंनीं त्यांच्या बोटास ऑक्सिमीटर लावला. आंकडा ८६ निघाला.

रुग्णालयांत नातलगांस मज्जाव होता, आणि दादा तर प्राणवायूचा मास्क ओढून फेंकीत. शेवटीं तेथील मुख्य परिचारिकेनें आपल्या जबाबदारीवर आम्हांस आंत घेतलें. तीन रात्री आम्ही त्यांचा हात धरून बसलों. त्या रात्रीं इंग्लंडांतील एक हकीकत मनांतून जाईना.

तेथील सार्वजनिक आरोग्यखात्यानें नोव्हेंबर २०२० मध्यें काढलेल्या अहवालाप्रमाणें, पहिल्या लाटेंत बौद्धिक दिव्यांगांतील कोविड-मृत्यूंचें प्रमाण, वय व लिंग यांतील फरक जमेस धरून, इतर जनतेच्या ४.१ पट होतें. १८ ते ३४ वर्षांच्या तरुणांत तर ३० पट! डाउन सिंड्रोम, फुप्फुसांचे जुने विकार, स्थूलता, निवासगृहांतील सहवास हीं कारणें होतींच. पण दुसरेंही कांहीं होतें. मार्च २०२० मध्यें तेथील वैद्यकांसाठीं निघालेल्या मार्गदर्शिकेंत, अतिदक्षता कोणास द्यावी हें ठरवितांना दुर्बलतेचें एक माप लावण्यास सांगितलें होतें. मूळ वृद्धांसाठीं बनविलेलें तें माप. दैनंदिन कामांस ज्याला दुसऱ्याचा हात लागतो, तो त्यांत दुर्बळ ठरतो. त्या मापानें आमचे भराभर चालणारे दादाही दुर्बळच ठरले असते. कुटुंबांनीं व संस्थांनीं हरकत घेतल्यावर पांचच दिवसांत, २५ मार्च रोजीं, अशा लोकांस हें माप लावूं नये अशी दुरुस्ती झाली. पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें, तेथील डॉक्टरांच्या नोंदवहींत बौद्धिक दिव्यांग म्हणून ज्यांचें नांव, त्या सर्वांस लशीसाठीं अग्रक्रम मिळाला.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळिशीपुढील सर्वांस लस खुली झाली होती. दादा सुईला भितात, म्हणून आम्हींच ‘पुढच्या आठवड्यांत नेऊं’ असें म्हणत दिवस घालविले. याचा दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे.

बाराव्या दिवशीं दादा घरीं आले. आतां ‘पाय दुखतो’ म्हटलें कीं आम्ही प्रथम ऑक्सिमीटर काढतों. ते हंसत बोट पुढें करतात. बहुतेक वेळां खरोखर पायच दुखत असतो.