फुंकणी आणि तीन गोट्या

घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या अंगाला, पावसाळ्यात सरपण धड वाळत नाही. ओल्या काटक्या पेटवायच्या तर फुंकणी हवीच. तिकडच्या साठी उलटलेल्या बाईने स्वतःसाठी घेतलेल्या श्वासातला निम्मा चुलीलाच दिला असेल, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

अशीच एक आजी. तरुणपणी क्षय झाला, औषधांनी बराही झाला, पण उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग कायमचा खराब करून गेला. पुढे खोकल्यातून रक्त पडू लागलं तेव्हा मंचरहून पुण्याला धाडलं. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. तिचा वरचा खंड काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाली मुलगी एक पारदर्शक डबी घेऊन आली. आत तीन कप्पे, प्रत्येकात एक गोटी, खाली लवचिक नळी. आजीने नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. गोट्या जागच्या हलल्या नाहीत.

‘‘आजी, फुंकू नका. ओढा.’’

‘‘आगं पोरी, जल्मभर फुंकलंच. आता वढायचं कुठनं?’’

ही गफलत एकट्या आजीची नाही. नळी तोंडाला लागली की पुष्कळ जण आधी फुंकतातच. बिडी ओढणाऱ्यांना खूण पटकन पटते म्हणे. त्यांची अडचण निराळी.

पहिली गोटी उचलायला सेकंदाला 600 मिलिलिटर हवा ओढावी लागते, दुसरीला 900, तिसरीला 1200. गचकन ओढून तिन्ही वर आपटण्यापेक्षा एकच गोटी सावकाश वर धरून ठेवणं मोलाचं. कारण टाके दुखतात म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग हवेच्या बारीक पिशव्या मिटतात, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. म्हणून उशी छातीशी घट्ट कवटाळून खोकायचं. बरगड्यांमधून काढलेली नळी ज्या बाटलीत सोडलेली असते, ती छातीच्या खाली धरूनच चालायचं. आजीला त्या बाटलीचंच जास्त कौतुक वाटलं: आपण श्वास घेतला की नळीतलं पाणी खालीवर होतं!

गोट्यांची डबी मात्र जरा जास्तच लाडावलेली आहे. खोल श्वास, खोकला आणि लवकर उठून चालणं एवढं नीट केलं, तर तिच्यामुळे वेगळा फायदा होतो असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. पण समोर गोटी हलताना दिसली की माणूस व्यायाम टाळत नाही, हेही खरंच. डबी नव्हती तेव्हाही व्यायाम होतेच. पहिल्या महायुद्धात छातीला जखमा झालेल्या सैनिकांना लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात कॉर्टलँड मॅकमेहन श्वासाचे व्यायाम देत होते. आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढलं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला.

घरी आल्यावर खांदा अडला. चिरा ज्या बाजूला, त्या बाजूचा हात वर जाईना. वेणी सून घालू लागली. मग भिंतीवरून बोटं चालवत रोज थोडं वर. सुनेने कोळशाने खुणा केल्या. नातू त्यांना एसटीचे थांबे म्हणायचा: कळंब, नारायणगाव, आळेफाटा. आजीचा हात नारायणगावपाशी बरेच दिवस रेंगाळला.

चुलीच्या धुरापासून लांब राहायचं, अशी डॉक्टरांची ताकीद होती. स्वयंपाक गॅसवर आला. आंघोळीचं पाणी अजून बाहेर चुलीवर तापतं, तिकडे आजीला फिरकू देत नाहीत. फुंकर मात्र सुटली नाही. चढ आला की नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, हे कुणी शिकवायच्या आधीच तिला येत होतं. जोर तेवढा कमी करावा लागला.

आता तिला लेण्याद्रीच्या गणपतीला जायचं आहे. पायऱ्या तीनशेच्या घरात. डॉक्टर हो म्हणाले, पण दर वीस पायऱ्यांना खाली बसायचं, या अटीवर.

‘‘बसंन की,’’ आजी म्हणाली, ‘‘पर तिथली माकडं बसू देत्यात का, ते इचारा.’’