पाठ असलेला नियम

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात, असे पत्र आले तेव्हा पहाटेची वंदना, भोजनगृहातील पंगत, परीक्षेच्या दिवसांतील कंदिलाखालचा अभ्यास असे अनेक विषय मनात आले. त्या आठवणी माझे वर्गबंधू माझ्याहून चांगल्या लिहितील. मी काही वर्षे वीजतंत्रीचे काम केले आणि पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत निदेशक म्हणून तेच शिकवले. म्हणून विद्यालयाने मला दिलेल्या अनेक गोष्टींपैकी एकच येथे मांडतो. ती म्हणजे वीज आणि चुंबक या प्रकरणातील पाच-सहा शब्दांचा अर्थ. हा अर्थ मला उशिरा कळला आणि त्या उशिराची किंमत माझ्या मामांना मोजावी लागली.

वडील मी लहान असतानाच गेले. मामांनी आईला व मला आपल्या घरी आणले आणि पाचवीत असताना माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन त्यांनीच मला या वसतिगृहात आणून सोडले. दहावीच्या वर्षी श्रावणात चार दिवसांच्या सुटीवर मी गावी गेलो होतो. घर पत्र्याचे. नुकताच विजेचा एक दिवा आला होता. खांबावरून आलेली वायर पत्र्याच्या कडेला घासून आत गेली होती आणि त्याच पत्र्याच्या लोखंडी अँगलला कपडे वाळत घालण्याची तार बांधलेली होती. संध्याकाळी दिव्याखाली बसून मी ओहमचा नियम मोठ्याने पाठ करत होतो. मामा उंबऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी विचारले, "ह्यो नियम आपल्या घरातल्या लायटीला बी लागू हाय का रं?" मी म्हणालो, "मामा, हा परीक्षेचा धडा आहे." ते म्हणाले, "मग त्या कपड्याच्या तारेला हात लावला की मुंग्या का येत्यात, ते तुझ्या सरांना इचार की." मी हसलो आणि पुढचा धडा उघडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस झाला. मामा शेतातून भिजून आले. चिखलाने जड झालेल्या चपला त्यांनी बांधावरच सोडल्या होत्या. अंगातील ओला सदरा काढून त्यांनी तारेवर टाकला आणि तार हातातच राहिली. आई धावली, पण शेजाऱ्यांनी तिला मागे ओढले आणि कोरड्या काठीने तार तोडली. तोवर सारे संपले होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून मी विद्यालयात परतलो. विज्ञानाच्या सरांनी मला रात्री प्रयोगशाळेत बोलावले. त्यांनी काही समजावण्यापूर्वीच मी मामांचा प्रश्न त्यांना विचारला : "सर, तारेला मुंग्या का येत होत्या?" सर बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी खडू घेतला आणि ज्या शब्दांच्या व्याख्या मला तोंडपाठ होत्या, ते शब्द त्यांनी एकेक करून पुन्हा शिकवले.

पहिला शब्द प्रभार. प्रत्येक पदार्थात धन आणि ऋण असे दोन्ही प्रभार असतात. ते समतोल असतात तोवर आपल्याला त्यांची जाणीवही होत नाही. तांब्यासारख्या धातूत काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात, म्हणून तो सुवाहक. कोरडे लाकूड किंवा रबर यांत ते मोकळे नसतात, म्हणून ते दुर्वाहक. शेजाऱ्यांनी काठी घेतली ती याच कारणाने. दुसरा शब्द धारा. एका सेकंदात एखाद्या जागेतून किती प्रभार पुढे गेला, ते धारा सांगते. एका सेकंदाला एक कूलोम प्रभार, म्हणजे एक अँपिअर.

तिसरा शब्द विभवांतर, आणि सर येथे सर्वांत जास्त थांबले. प्रभाराला एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत ढकलण्यास कारण होतो तो या दोन बिंदूंमधील फरक. तो व्होल्टमध्ये मोजतात. फरक नेहमी दोघांत असतो, एकट्याचा नसतो. कावळा वीजवाहक तारेवर बसतो तेव्हा त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्या दोन पायांत फरक जवळजवळ शून्य, म्हणून कावळा सुखरूप. मामांचा हात मात्र तारेवर होता आणि पाय जमिनीवर. डीपीजवळ, म्हणजे रोहित्रापाशी, न्यूट्रलची तार जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे प्रभाराला परत जाण्याची वाट जमिनीतून तयारच असते. फेज, मामांचे शरीर, ओली जमीन आणि रोहित्र, असा परिपथ पूर्ण झाला.

चौथा शब्द रोध. सरांनी फळ्यावर दोन भागाकार मांडले. घरातील विभवांतर २३० व्होल्ट. हात कोरडे आणि पायात रबरी चप्पल असताना त्या वाटेतील एकूण रोध दोन लाख तीस हजार ओहम धरला, तर धारा येते एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. माणसाला तिच्या मुंग्या जाणवतात. अंग भिजलेले आणि पाय अनवाणी असताना हाच रोध एखाद-दोन हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले २००० म्हणजे ०.११५ अँपिअर, अर्थात ११५ मिलिअँपिअर. एवढी धारा छातीतून गेली तर हृदयाचे ठोके विस्कटतात. व्होल्ट दोन्ही दिवशी तेवढेच होते. पावसाने बदलला तो फक्त रोध.

"मुंग्या म्हणजे निरोप होता," सर म्हणाले. "पत्र्यात वीज उतरली आहे, हे तार रोज सांगत होती." मी रडू लागलो. जो नियम मी मोठ्याने म्हणत होतो तोच मामांनी मला विचारला होता. माझ्याजवळ व्याख्या होती, त्यांच्याजवळ अनुभव होता. दोन्ही एकत्र आले असते तर ती तार आम्ही त्याच रात्री सोडली असती. सरांनी मला खोटा धीर दिला नाही. त्यांनी एवढेच सांगितले की कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपण दर रविवारी ऐकतो : परंपरेने आले, ग्रंथात लिहिले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावर काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. ओहमचा नियमही पुस्तकात आहे म्हणून खरा मानला की तो पुस्तकातच राहतो.

त्यानंतर वर्षभर सरांनी मला शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडून दिली. तेथे मी प्रथम पाहिले की तारेतून धारा सोडली की शेजारची चुंबकसूची वळते. हे १८२० मध्ये ओर्स्टेड यांनी दाखवले होते. धारा जेथे असते तेथे तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असतेच. मग सरांनी तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकवायला दिला. आत नेताना गॅल्व्हनोमीटरचा काटा एका बाजूला गेला आणि बाहेर काढताना दुसऱ्या बाजूला. चुंबक आतच स्थिर धरला तेव्हा काटा शून्यावर आला. चुंबक आहे एवढ्याने वीज निर्माण होत नाही. क्षेत्र बदलावे लागते. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात, आणि आपल्या घरी येणारी बहुतेक वीज जनित्रांत याच तत्त्वावर तयार होते.

हे शोधणारे मायकेल फॅरेडे लोहाराचे पुत्र होते. शालेय शिक्षण जुजबी. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकले. १८१२ मध्ये त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे काढून स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींना पाठवली. पुढच्या वर्षी ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक झाले. डेव्हींबरोबरच्या युरोपच्या प्रवासात त्यांना सेवकाची कामेही करावी लागली. ज्यांच्या नावाचा नियम मी पाठ केला होता, ते ओहमही कुलपे करणाऱ्या कारागिराचे पुत्र आणि शाळाशिक्षक होते. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे मायदेशी थंड स्वागत झाले. सर ही माणसे आम्हाला मुद्दाम सांगत, कारण समोर बसलेली मुले कोणाची आहेत, हे त्यांना ठाऊक होते.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील धारा सुरू वा बंद करताच दुसऱ्याशी जोडलेल्या तारेजवळची सूची हलली. त्या कड्याचा वंशज मी नोकरीत हाती घेतला तेव्हा मला मामा आठवले. घराच्या मेन स्विचजवळ बसवतात त्या आरसीसीबीमध्ये असेच एक कडे असते. त्यातून फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा जातात. जाणारी व येणारी धारा सारखी असली की दोघींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. कोणाच्या शरीरातून थोडीशी धारा जमिनीत निसटली की तोल जातो, कड्यातील क्षेत्र बदलू लागते, तिसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि स्विच पडतो. घरगुती उपकरणाची मर्यादा ३० मिलिअँपिअर असते. त्या दुपारचा आकडा होता ११५.

विजेचा आपल्या समाजाशी असलेला संबंधही येथे नोंदवावासा वाटतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही आणि विजेवाचून औद्योगिकीकरण नाही, असा त्यांचा विचार होता. वीज आपल्या वस्तीपर्यंत आली. तिचा अर्थ वस्तीपर्यंत नेणे हे आपले, शिकलेल्यांचे काम आहे.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती करतो. घरातील पत्रा, नळ, कूलर, फ्रिज यांपैकी कशालाही हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तो निरोप समजावा. मेन स्विच बंद करून जाणत्या वीजतंत्र्याला बोलवावे. फ्यूजमध्ये जाड तार घालू नये. कोळसा-मीठ घालून केलेले अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडू देऊ नये. आरसीसीबी बसवावा आणि त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वीजवाहक तारेला बांधून किंवा पत्र्याला जोडून कपड्यांची तार कधीही लावू नये. तेथे सुतळी चालते.

निवृत्त होईपर्यंत दर वर्षी पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना व्याख्या विचारल्या नाहीत. "घरी कुठे मुंग्या येतात का, हे आईवडिलांना विचारून या," एवढाच अभ्यास देत असे. दुसऱ्या दिवशी दर वर्गात दोन-तीन हात वर होत. त्या घरांकडे आम्ही आधी जात असू आणि ओहमचा नियम त्यानंतर शिकवत असू.

सर्वांना सप्रेम जयभीम.