तुओल स्लेंगच्या वर्गखोल्या

अंकोरवाट पाहून परतणारे आपले बहुतेक प्रवासी कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला, थांबत नाहीत. मी थांबलो, ते तुओल स्लेंगसाठी. दाट वस्तीत घरांना खेटून उभी असलेली ही एक तीनमजली शाळा. अंगणात चाफा आहे, मुलांच्या कसरतीसाठी रोवलेला उंच लाकडी सांगाडाही आहे. ख्मेर रूज या साम्यवादी राजवटीने त्याला कैदी उलटे टांगले.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजचा म्होरक्या पोल पॉट याच्या सैन्याने शहर घेतलं आणि लगोलग रिकामं केलं. पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद. या शाळेचा 'एस-२१' तुरुंग झाला. त्याचा प्रमुख डुच हा एकेकाळचा गणिताचा मास्तर. हिशेब चोख! येणाऱ्या कैद्याचा फोटो काढायचा, छळ करून कबुलीजबाब लिहून घ्यायचा, मग मारायचं. ते फोटो आता भिंतींवर ओळीने लावलेत. एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल आहे. पुढच्या खोलीत जायला माझे पाय तयार होईनात. इथे किमान चौदा हजार माणसं आली. वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

जगाला हे कळलं असतं तर थांबलं असतं, असं म्हणायची सोय नाही. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामने ख्मेर रूजला हुसकावलं आणि थोड्याच काळात इथे संग्रहालय झालं. हे फोटो लोक पाहत होते, तेव्हाही संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाच्या खुर्चीवर पोल पॉटचेच प्रतिनिधी बसत होते. अमेरिका आणि चीन, दोघांनाही व्हिएतनामची जिरवायची होती. भारताने मात्र १९८० मध्ये नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली. (हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?) पोल पॉट १९९८ मध्ये मेला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाची पायरी न चढता. डुचला जन्मठेप झाली, पण ती २०१२ मध्ये.

शहराबाहेर चुंग एकला, जिथे हे कैदी मारले गेले, पावसानंतर मातीतून अजून हाडं आणि कपड्यांच्या चिंध्या वर येतात.

११ जुलै २०२५ रोजी या दोन्ही जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. त्याला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच २४ जुलैला कंबोडिया आणि थायलंडच्या तोफा एकमेकांवर धडाडल्या. सीमेवरच्या प्राचीन शिवमंदिरांभोवतीच्या जमिनीवरून हे जुनं भांडण आहे. पाच दिवसांत कित्येक माणसं मेली, आणि लाखांवर लोकांना घरदार सोडून पळावं लागलं.