दारावरची थाप

संत लूकच्या शुभवर्तमानातील विधवेचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. देवाला न भिणारा, माणसांची पर्वा न करणारा एक न्यायाधीश आणि त्याच्या दारी खेटे घालणारी एक निराधार विधवा. शेवटी तो तिला न्याय देतो. पण दयेपोटी नव्हे, तर तिची कटकट टळावी म्हणून. प्रार्थनेतील चिकाटी शिकविण्यासाठी आम्ही धर्मगुरू हा दाखला सांगतो. राष्ट्रांच्या दरबारातही न्याय बहुधा असाच मिळतो, हे मला शिकविले ते पूर्व तिमोर या चिमुकल्या देशाने.

१९९१ साली मी सेमिनरीत शिकत होतो. वर्ष सरता सरता वाचनालयातील एका परदेशी नियतकालिकात दिली शहरातील सांता क्रूझ दफनभूमीची हकिकत वाचली. मारल्या गेलेल्या एका तरुणासाठी १२ नोव्हेंबर रोजी सकाळी मोतायल चर्चमध्ये मिस्सा झाला. तेथून लोक फुले घेऊन त्याच्या कबरीकडे निघाले. दफनभूमीत इंडोनेशियाच्या सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे मृतांच्या स्मरणाचा महिना. कबरीवर फुले वाहायला निघालेली माणसे त्याच मातीत मिळावीत, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

आपल्या वसईप्रमाणे तिमोरचा पूर्व भागही एके काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वसईतून ते १७३९ साली गेले. तिमोरमधून त्यांनी पाय काढला तो १९७५ साली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला इंडोनेशियाने आक्रमण केले. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जाकार्तात सुहार्तो यांना भेटले होते. या कारवाईला आपण आडकाठी करणार नाही, असे त्यांनी सुचविले होते, हे २००१ साली खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून जगाला कळले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने सैन्य मागे घेण्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. ऑस्ट्रेलियाने तर पुढे तिमोरच्या समुद्रातील तेलासाठी इंडोनेशियाशी करारही केला. तिमोरच्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार १९७४ ते १९९९ या काळात संघर्षापायी किमान १,०२,८०० माणसे दगावली. त्यांतील बहुतेक उपासमारीने आणि आजाराने.

विधवेची थाप चालूच होती, न्यायाधीशाचे दार मात्र बंद होते. दिलीच्या धर्मप्रांताचा कारभार पाहणारे कार्लोस बेलो यांनी १९८९ साली राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांना पत्र लिहून सार्वमताची मागणी केली. सांता क्रूझचे चित्रण करणाऱ्या मॅक्स स्टाल या पत्रकाराने आपल्या फिती त्याच दफनभूमीत पुरून ठेवल्या, पुढे त्या देशाबाहेर गेल्या आणि जगाने ते दृश्य पाहिले. त्यानंतर ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय कोणत्याही सरकारला उरली नाही. १९९६ साली बिशप बेलो आणि जुझे रामुश-ओर्ता यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते माझ्या गुरुदीक्षेचे वर्ष. मी बिशपांचे छायाचित्र कापून धर्मशिक्षणाच्या वर्गात लावले आणि मुलांना सांगितले, “मेंढपाळ असा असावा.”

३० ऑगस्ट १९९९ रोजी सार्वमत झाले. ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितले आणि त्याची शिक्षा म्हणून गावेच्या गावे जाळण्यात आली. सुआई येथे चर्चमध्ये आश्रय घेतलेल्यांची ६ सप्टेंबरला कत्तल झाली. त्यांच्यासोबत तीन धर्मगुरू मारले गेले. त्यांतील एक जावा बेटावरचा, म्हणजे इंडोनेशियाचाच, नुकतीच गुरुदीक्षा झालेला येशूसंघीय होता.

मग मात्र चक्रे फिरली. ९ सप्टेंबरला अमेरिकेने इंडोनेशियाशी असलेले लष्करी संबंध तोडले. जागतिक बँक आणि नाणेनिधीने हात आखडता घेण्याची चिन्हे दाखविली. १२ सप्टेंबरला अध्यक्ष हबिबी यांनी आंतरराष्ट्रीय सैन्याला संमती दिली आणि २० तारखेला ते सैन्य दिलीत उतरले. २० मे २००२ रोजी तिमोर स्वतंत्र झाला.

वाचकहो, ९ आणि १२ या दोन तारखांमधले अंतर पाहा. चोवीस वर्षे जे अशक्य म्हणून सांगितले गेले, ते तीन दिवसांत साधले. इंडोनेशिया तेव्हा आर्थिक संकटाने खचला होता, सुहार्तो पायउतार झाले होते, हे खरे. तरीही दाराची किल्ली इतकी वर्षे ज्यांच्या खिशात होती, त्यांना तिचे ओझे कधी जाणवले नाही, हेही तितकेच खरे.

हे मी व्याख्यानांतून अनेकदा सांगितले आणि दरवेळी तो न्यायाधीश कोणी परका होता. सप्टेंबर २०२२ मध्ये बातमी आली. बिशप बेलो यांच्यावर अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप होते आणि व्हॅटिकनने २०२० सालीच त्यांच्यावर निर्बंध घातले होते, हे व्हॅटिकनने मान्य केले. त्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी, आता दोन मुलांचा बाप, मिस्सानंतर सॅक्रिस्टीत आला. “फादर, तुम्ही वर्गात लावलेला तो फोटो आठवतो. मग तेव्हा सांगितलेले सारे खोटे होते का?”

मी म्हणालो, “नाही रे. कबरी खऱ्या होत्या, ते पत्रही खरे होते. पण त्याच गावात आणखी कोणी दार ठोठावत असेल, असे माझ्या मनातही आले नाही.”

तो काही बोलला नाही. माझे उत्तर मलाच अपुरे वाटले. देशाच्या लढ्याला बाध येईल, ख्रिस्तसभेची अब्रू जाईल, अशा भीतीने माणसे गप्प राहतात. परराष्ट्र खात्यांतील मुत्सद्दीही मैत्री आणि स्थैर्य यांचीच कारणे देत होते. शब्द वेगळे, दार तेच.

त्या विद्यार्थ्याची मुले आता आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात येतात. तेथे मी आता कोणाचेही छायाचित्र लावत नाही. वर्षारंभी पालकांना एवढेच सांगतो, की तुमचे मूल कोणाविषयीही, अगदी माझ्याविषयीही, काही सांगू लागले तर त्याला गप्प करू नका. आधी ऐकून घ्या आणि मग ते माझ्यापाशीच न थांबवता पुढे न्या.